नाक्यापलीकडचं तिकीट

दिवाळी अंकासाठी आपल्या व्यवसायातले अनुभव लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा माझ्या थोरल्या मुलानं ते वाचलं आणि विचारलं, "बाबा, तुमचा व्यवसाय नेमका काय होता?" त्याचं वय चाळीस आहे. माझ्या कमाईवर तो मॅट्रिकपर्यंत शिकला. तेव्हा सुरुवात तिथूनच केलेली बरी.

मी अकरा वर्षं दुसऱ्यांची आगगाडीची तिकिटं काढली. मी रेल्वेचा नोकर नव्हतो. देऊळगाव राजाहून स्टेशनापर्यंत जी मोटार जायची तिच्या मालकानं मला ठेवलं होतं. मोटारीतून उतारू उतरले की त्यांना खिडकीपाशी न्यायचं, योग्य गावाचं तिकीट काढून द्यायचं आणि योग्य गाडीत बसवायचं, एवढं काम. एवढ्याशा कामाला पगारी माणूस कशाला, असं आजच्या वाचकाला वाटेल. पण आज तो सगळा मुलूख एकाच राज्यात आहे. तेव्हा ते स्टेशन परदेशात होतं.

आमचा बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात आणि वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणजे इंग्रजांच्या अमलाखाली. आमच्या तालुक्यांना जवळचं स्टेशन मात्र मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. कागदोपत्री वऱ्हाडसुद्धा निजामाचंच होतं, इंग्रजांनी ते नुसतं सांभाळायला घेतलं होतं असं म्हणत. म्हणजे आम्ही आमच्याच मालकाकडे परके म्हणून जात होतो. देऊळगाव सोडून थोडं पुढं गेलं की करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. तिथला शिपाई गाठोडी सोडून बघे, कोरं कापड दिसलं तर अडवे. नाक्यापलीकडे कागद उर्दू, अंमलदार उर्दू, आणि रुपयासुद्धा वेगळा. आमचा कळदार, त्यांचा हाली. मला उर्दू येत होतं, कारण आमच्या गावच्या मराठी शाळेतले गुरुजी छडीनं मारत आणि उर्दू शाळेतले मौलवीसाहेब मारत नसत. या एका कारणावर माझा संसार उभा राहिला.

मला नोकरी कशी लागली तो किस्सा मालक सगळ्यांना सांगत. धाडचे एक देशमुख पहिल्यांदाच आगगाडीनं निघाले. खिडकीशी गेले. आतल्या बाबूनं रीतीप्रमाणे विचारलं, "किधर?" देशमुखांनी हात मागं घेतला. आपल्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत. विचारलं की टोकलं, आणि टोकलं की काम होत नाही. फारच गरज असेल तर 'दूर का?' म्हणतात आणि तो सांगेल तेवढं ऐकून घेतात. देशमुख परत फिरले, बाहेर लिंबाखाली जाऊन बसले, पाय धुतले, गुळाचा खडा खाल्ला, पाणी प्याले आणि नव्यानं निघाले. बाबूनं पुन्हा विचारलं, "किधर?" असं तीनदा झालं. तेवढ्यात गाडी गेली. देशमुख धाडला परतले आणि रेल्वे आपल्याला धार्जिणी नाही असं त्यांनी पंचक्रोशीत सांगितलं. मोटारीचे उतारू निम्म्यावर आले. मालकानं डोकं चालवलं आणि मला ठेवलं.

खिडकीतल्या बाबूचं नाव सय्यदबाबू. शांत माणूस. तोंडात पान असल्यामुळे बोलणं कमी, आणि बोलायचंच झालं तर आधी पान गालात सरकवून मग बोलत. आमच्या लोकांबद्दल त्यांना राग नव्हता, फक्त कुतूहल होतं. त्यांच्या कुतूहलाला खाद्य पुरवायचं काम वऱ्हाडानं मनापासून केलं.

डोणगावचे एक कापसाचे व्यापारी होते. बाजारात दोघे व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी मोटारीतून सामान उतरवून घेत होतो तेवढ्यात हे गृहस्थ एकटेच खिडकीशी गेले, उपरणं हातावर टाकलं आणि हात आत घातला. सय्यदबाबूंना वाटलं, हस्तांदोलन. त्यांनी हात धरला. यांनी दोन बोटं दाबली. बाबूंनीही अदबीनं दाबली. यांनी एक सोडलं. बाबूंनीही सोडलं. मी पोचलो तेव्हा व्यापाऱ्यांच्या मते मनमाडचं तिकीट अर्ध्यात ठरलं होतं आणि बाबूंच्या मते वऱ्हाडी लोक फार प्रेमळ असतात. सौदा झाल्यावर भाव वाढवणारा माणूस बाजारात उभा राहू शकत नाही, असं व्यापाऱ्यांनी मला बजावलं. पूर्ण भाडं देताना त्यांचं तोंड असं झालं होतं की मलाच अपराधी वाटलं.

अशा माणसांना 'कुठं' न विचारता तिकीट काढून द्यायचं म्हणजे अंदाज बांधावा लागतो. हळूहळू मी त्यात तयार झालो. माणसाच्या अंगावरचे कपडे, हातातलं सामान आणि तोंडावरची कळा पाहून मी गाव ओळखायचो. हळदीचं बोट लागलेली पिशवी म्हणजे लग्न, मग फक्त 'वरपक्ष की वधूपक्ष' एवढंच विचारायचं. पिठाचा डबा आणि तुपाची बरणी म्हणजे औरंगाबादला शिकणारा मुलगा. मालक चारचौघांत म्हणत, "याले सांगा लागत नाही, हा वळखते." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. खरं म्हणजे मला ते फार आवडायचं. माणूस तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात तिकीट ठेवण्यात मला जो आनंद होता तो पगारात नव्हता.

तो आनंद किसनभाऊंनी संपवला.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ अजून होती. किसनभाऊ म्हणजे डोणगावच्या अलीकडच्या एका खेड्यातले, पन्नाशीचे शेतकरी. मेहकरहून दुसऱ्या मोटारीनं ते देऊळगावला आले. ओळखीच्या कुणीतरी त्यांचं नाव मला सांगितलं, "किसनभाऊ हायेत, गाडीत बसून द्या," म्हणाला आणि निघून गेला. किसनभाऊंच्या गळ्यात दोरीनं अडकवलेला तांब्याचा तांब्या होता. त्याचं तोंड पांढऱ्या फडक्यानं बांधलेलं. मोटारीत शेजारच्यानं म्हटलं, "खाली ठेवा न भाऊ, पाय मोकळे करा." त्यांनी मान हलवली आणि तांब्या छातीशी धरला. सबंध रस्ता एक शब्द नाही. चहा विचारला, मान हलवली. पाणी विचारलं, ओंजळ पुढं केली.

आता हे वाचणाऱ्याला सांगायला नको. पांढऱ्या फडक्यानं बांधलेला तांब्या, तो भुईला टेकवायचा नाही, आणि माणूस मुका. अशी माणसं वर्षाकाठी कितीतरी यायची आणि सगळी नाशिकला जायची, अस्थी गंगेत सोडायला. किसनभाऊंना मिशी होती. घरचंच कुणी गेलं असतं तर मिशी उतरलेली असती. ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पण तिच्यामुळे माझा अंदाज चुकत होता, म्हणून मी ती सोडून दिली. म्हटलं, लांबचं कुणी असेल.

नाक्यावर शिपायानं तांब्याकडे बोट केलं. "इसमें क्या है?" मी त्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात उर्दूत सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावून सलाम केला आणि इतरांची गाठोडी न सोडताच मोटार जाऊ दिली. किसनभाऊंना उर्दूचा गंध नव्हता. त्यांनी तो सलाम पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा धीर आला. तांब्याला सरकारी मान मिळाला, एवढंच त्यांना समजलं असावं.

स्टेशनावर दुपारी दोन गाड्या एकमेकींना वाट देत. एक मनमाडकडे जाणारी, एक परभणीकडे. एक मावळतीला, एक उगवतीला. किसनभाऊंनी कनवटीचे रुपये माझ्या हातावर ठेवले आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेलं एक कार्ड काढून माझ्यापुढं धरलं.

ते कार्ड मी वाचलं नाही. आज इतकी वर्षं झाली तरी मला त्याची लाज वाटते. मला वाटलं, मरणाचं कार्ड असणार. असली पत्रं कुणी घरात ठेवत नाही, वाचली की फाडून टाकतात, आणि हा बिचारा दुःखात ते बरोबर घेऊन फिरतोय. मी मोठ्या समंजसपणानं त्यांचा हात मागं सारला. म्हटलं, "राहू द्या भाऊ. मले समजलं." त्यांनी माझ्याकडे इतक्या विश्वासानं पाहिलं की काय सांगू. कार्ड परत खिशात गेलं. मी नाशिकचं तिकीट काढलं. तिकिटावरचं एक अक्षरही त्यांना वाचता येण्यासारखं नव्हतं.

मनमाडच्या गाडीत त्यांना खिडकीजवळ जागा करून दिली. माझी एक रीत होती. अस्थी घेऊन जाणाऱ्याला मी नुसतं बसवत नसे. मोटारीच्या माळेतलं एक झेंडूचं फूल मी आधीच काढून ठेवलं होतं. ते तांब्यावर वाहिलं, हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

किसनभाऊंनी फुलाकडे पाहिलं. मग माझ्या जोडलेल्या हातांकडे. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि आवाज आला तो असा की डब्यातलं एक लहान मूल रडायला लागलं.

"माही लेक जित्ती हाय! जित्ती हाय माही लेक!"

मग ते एकदम मटकन बाकावर बसले, तांब्या छातीशी तसाच. "बोललो मी," म्हणाले. "बोललो न बावा. मेलं औषिद."

तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. लेक परभणीजवळच्या गावी दिलेली. तिला मुदतीचा ताप. तिसरा आठवडा, आणि आता ती माणसं ओळखेना, असं कार्ड आलं होतं. त्यांच्या गावच्या वैदूनं काढा करून दिला होता आणि दोन अटी घातल्या होत्या. तांब्या भुईला टेकवायचा नाही, आणि औषध लेकीच्या ओठाला लागेपर्यंत वाटेत बोलायचं नाही. घर सोडल्यापासून हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. आणि मी त्याच्या लेकीच्या औषधावर फूल वाहिलं होतं.

मी कार्ड मागून घेतलं आणि वाचलं. परभणीच, मावळतीला नव्हे, उगवतीला. मी त्यांना दंड धरून ओढत तिकिटाच्या खिडकीशी नेलं. पलीकडच्या रुळावर परभणीची गाडी पाणी घेऊन तयार झाली होती.

"बाबूजी, यह टिकट बदल दीजिए." मी धापा टाकत सगळं सांगितलं. सय्यदबाबूंनी पान गालात सरकवलं. दिलेलं तिकीट परत घ्यायला कायद्यानं स्टेशनमास्तरांची सही लागे, आणि मास्तर घरी जेवत होते. पण अडचण ती नव्हती. अडचण किसनभाऊ होते. ते म्हणाले, "मले नाही जाचं परभनीले."

"काऊन?" मी ओरडलोच.

"जाऊन काय करू? मी बोललो. औषिद मेलं. परत घरी जातो, वैदूले नवं करून मांगतो, मंग येतो."

परत डोणगाव, परत येणं, म्हणजे किमान तीन दिवस. पोरगी माणसं ओळखत नव्हती. मी हात जोडले, शपथा घातल्या, चूक माझी आहे, तुमचं बोलणं मोजायचं नाही, असं म्हटलं. ते ऐकेनात. त्यांच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होतं. मेलेलं औषध घेऊन लेकीच्या दारात कोणता बाप जाईल? गार्डानं शिट्टी तोंडात धरलेली मला दिसत होती.

सय्यदबाबू खिडकीतून म्हणाले, "भाऊ, इधर देखो. तुमारे वैदू ने मनाई किधर दी?"

मी मराठीत सांगितलं. किसनभाऊ म्हणाले, "घरी. आमच्या गावात."

"मतलब वऱ्हाड में. अब ये किसका मुलुख है?"

"निजामाचं."

"इधर तुमारा रुपया चलता? नै चलता, भुनाना पडता. तुमारा फौजदार इधर किसी को पकड सकता? नै पकड सकता. तो फिर तुमारे वैदू की मनाई इधर कैसे चलेंगी?"

मी जसंच्या तसं मराठी केलं. किसनभाऊंनी नाक्याच्या दिशेनं पाहिलं, मग पायाखालच्या फरशीकडे. मग मला विचारलं, "खरं काय हो?"

ज्यानं हा घोळ घातला त्यालाच हा माणूस विचारत होता. अकरा वर्षांत मी पुष्कळ गोष्टी ठासून सांगितल्या, पण इतक्या ठासून कोणतीच नाही. "खरं हाय," म्हटलं. "नाक्याच्या अल्याड लागू होत नाही. आम्हाले रोजचं हाय."

ते वळले. माझा जीव भांड्यात पडला. दोन पावलं गेले आणि थांबले.

"मंग औषिद तरी चालन काय इथं?" त्यांनी विचारलं. "वैदूची मनाई चालत नाही त वैदूचं औषिद कसं चालन?"

मी बाबूंकडे पाहिलं. सय्यदबाबूंनी डोळे मिटले. पान चावणं थांबलं. त्या खिडकीत मी त्यांना इतका विचार करताना कधी पाहिलं नव्हतं, हिशेब चुकला तेव्हासुद्धा नाही.

"नाके पर देखा इसको?" त्यांनी विचारलं.

"देखा," मी म्हटलं.

"रोका?"

"नहीं. सलाम करके छोड दिया."

"तो बस. करोडगिरी ने जो माल छोड दिया, वो इधर चलता."

शिपायानं ते काय समजून सोडलं होतं हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही, फक्त बाबूंचं बोलणं मराठीत केलं. किसनभाऊंनी मान डोलावली. सलाम त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. बाबूंनी मास्तरांच्या सहीची वाट न बघता परभणीचं तिकीट पुढं सरकवलं आणि नाशिकचं स्वतःच्या खिशात घातलं. त्याचं त्यांनी पुढं काय केलं, ते मी कधी विचारलं नाही. आम्ही पळालो. गाडी हलली तेव्हा किसनभाऊ पायरीवर होते. तांब्यावर अडकलेलं फूल त्यांनी काढलं, क्षणभर कुठं टाकावं ते त्यांना कळेना, आणि मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं. एक शब्द बोलले नाहीत. उरलेल्या वाटेसाठी त्यांनी तोंड पुन्हा मिटून घेतलं होतं. मोगलाईचा कायदा काहीही असो, धोका कशाला पत्करायचा.

पुढचा सबंध महिना मी वाईट काढला. डोणगावकडचा कुणी मोटारीत बसला की विचारावंसं वाटे आणि विचारवत नसे. मी अंदाज बांधणं सोडलं. प्रत्येकाचं कार्ड मागून घेऊन वाचायला लागलो, आणि कार्ड नसेल त्याला सरळ तोंडावर 'कुठं?' म्हणून विचारायला लागलो. लोक चिडत. दोघे जण गाडी चुकवून घरी परत गेले. मालकानं मला बोलावून समज दिली. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पोरगी गेली असेल तर तिला मीच मारलं, कार्ड न वाचता, असं मला वाटत असे. बायकोलाही मी हे सांगितलं नव्हतं.

एका दुपारी परभणीच्या बाजूनं गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून किसनभाऊ उतरले, आणि त्यांनी हात देऊन एका मुलीला उतरवलं. अठरा-एकोणीस वर्षांची, नुसती हाडं राहिलेली, डोक्यावरचे केस तापानं गळून गेलेले, पदर कपाळापर्यंत ओढलेला. चार पावलं चालली आणि दम खायला थांबली. माझ्या हातात कुणाची तरी वळकटी होती, ती खाली पडली.

किसनभाऊ तिला घेऊन सरळ माझ्यापाशी आले. ते हसलेही नाहीत, रागावलेही नाहीत. सरकारी ओळख करून द्यावी तसं म्हणाले, "रुखमे, हे तिकीटवाले भाऊ. यायनंच तुह्यावर फूल वाह्यलं होतं."

मी खाली मान घातली. क्षमा मागायची तर कशी मागायची याची मी महिनाभर तयारी केली होती, ती सगळी गेली. पोरगी वाकून पाया पडायला लागली तसा मी मागं सरकलो. तिनं पदर जरा वर केला आणि मला नीट पाहून घेतलं. डोळे खोल गेले होते, पण माणसं ओळखत होते.

"काका," ती म्हणाली, "एकच फूल?"

किसनभाऊ आधी हसले. मग ती हसली, आणि हसताना तिला खोकला आला म्हणून बापानं तिची पाठ चोळली. मला मात्र रडू आलं. स्टेशनावर, भर दुपारी, सगळ्या उतारूंसमोर, आणि ते काही केल्या थांबेना. सय्यदबाबू खिडकी अर्धवट सोडून बाहेर आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पान गालात सरकवलं आणि म्हणाले, "मोटार रोको इनकी. बच्ची बैठके जाएंगी, सामने की सीट पर."

मी पुढची जागा रिकामी करवली आणि तिला बसवलं.